डिझेल इंजिनाच्या नोझलची हकीकत



शिरड शहापूरच्या रस्त्यावर घटकाभर उभे राहा. औंढ्याकडून वसमतकडे आणि वसमतकडून औंढ्याकडे ट्रकांची ये-जा चालूच असते. कुणात हळदीची पोती, कुणात सोयाबीन, हंगामात ऊस. एखादा ट्रक चढावर धापा टाकीत, काळ्या धुराचे लोट सोडीत जातो. त्याच्या मागून तेवढ्याच मालाचा दुसरा ट्रक येतो आणि धूर न करता सहज निघून जातो. इंजिन दोघांचेही डिझेलचेच. मग फरक कशात पडला? पुष्कळदा तो पडतो बोटाएवढ्या एका भागात. पुस्तकात त्याला इंजेक्टर म्हणतात. आपले मिस्त्री त्याच्या टोकाच्या नावावरून सगळ्यालाच नोझल म्हणतात. आपणही तेच म्हणू.

तुम्ही म्हणाल, नोझल म्हणजे मिस्त्रीचे काम, त्याचा इतिहास आम्हांला कशाला? पण हा भाग कसा घडत गेला हे कळले, की आपला पैसा कुठे गळतो हेही आपोआप कळते. विहिरीवर ऑईल इंजिन असो, दारात ट्रॅक्टर असो, की बँकेचे कर्ज काढून घेतलेला ट्रक असो, सगळ्यांची नाडी इथेच आहे.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेल इंजिनात तसा प्लग नाही. पिस्टन हवा दाबतो. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो हे तुम्ही अनुभवले आहे. इंजिनात हवा सोळा-सतरा पट दाबली जाते आणि इतकी तापते की तीत डिझेल सोडताच ते पेट घेते. मात्र ते धारेने पडून चालत नाही. ओले लाकूड धुमसते आणि भुसा भडकतो, तसेच हे आहे. डिझेलचे धुके झाले तरच ते पुरते जळते. हे धुके करणे, ते नेमक्या क्षणी करणे आणि नेमके तेवढेच करणे, ही नोझलची तीन कामे.

आता मोजमाप बघा. विहिरीवरचे ५ अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला १५०० फेरे फिरते, म्हणजे मिनिटाला ७५० वेळा नोझल उडते. प्रत्येक वेळी पडणारे डिझेल साधारण ज्वारीच्या एका दाण्याएवढे. तेवढ्या दाण्याचे धुके करायचे आणि मग टपकन तोंड बंद करायचे, मिनिटाला ७५० वेळा. बंद होताना एक थेंब जरी मागे टपकला तरी तो अर्धवट जळतो, काजळी धरतो आणि छिद्र बुजवू लागतो.

ज्याच्या नावावरून आपण डिझेल म्हणतो तो रुडॉल्फ डिझेल हा जर्मन इंजिनियर. त्याला पेटंट मिळाले १८९३ साली, आणि आउग्सबुर्ग गावच्या कारखान्यात त्याचे इंजिन नीट चालले १८९७ साली. त्या काळची वाफेची इंजिने जळणातली बहुतेक उष्णता वाया घालवीत. डिझेलच्या इंजिनाने चौथ्या हिश्श्याहून थोडी जास्त उष्णता कामाला लावली. जगभर बोलबाला झाला. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात तर अशा प्रकारचे एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. (हे वाचून कुणी घाण्याचे तेल टाकीत ओतू नका. कच्चे तेल दाट असते, त्याची राळ नोझलच्या टोकाला धरते आणि इंजिन बसते.)

पण या इंजिनात एक मोठी खोट होती. डिझेल आत ढकलणार कसे? आत दाबलेल्या हवेचा जोर एवढा, की बाहेरून तेल सोडले तर ती उलट फेकते. डिझेलने त्यावर उपाय केला तो असा, की वेगळा हवेचा पंप लावायचा आणि त्याच्या आणखी जोरकस हवेने तेल आत फुंकायचे. धुके उत्तम व्हायचे. परंतु तो हवेचा पंप स्वतःच इंजिनाची बरीच ताकद खाई, आणि त्याचे धूड इतके मोठे की इंजिन कारखान्यात किंवा जहाजातच बसवता येई. गाडीवर चढवणे अशक्य. १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाताना बोटीवरून रुडॉल्फ डिझेल नाहीसा झाला. पुढे त्याचे प्रेत समुद्रात सापडले. आपले इंजिन रस्त्यावर ट्रक ओढताना त्याने पाहिले नाही.

हवा काढून टाकून नुसत्या दाबाने तेल फवारायचे, या कामावर इंग्लंडात आणि जर्मनीत बरीच मंडळी झटत होती. १९२३-२४ साली जर्मनीतल्या बेंझ आणि मान या कंपन्यांनी डिझेलचे ट्रक करून दाखवले. खरी अडचण होती ती पंप आणि नोझल हजारांनी, एकसारखे, तंतोतंत करण्याची. एक चांगला करता येत होता. हजारावाही तसाच निघेल याची खात्री नव्हती. हे काम अंगावर घेतले स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांनी. बॉश हा शेती आणि खाणावळ करणाऱ्या घरातला मुलगा. त्याच्या कारखान्याने १९२२ साली डिझेल पंपाचे काम हाती घेतले आणि १९२७ साली पंप बाजारात उतरवला. तेथून पुढे डिझेलचा ट्रक ही नेहमीची गोष्ट झाली.

पाच वर्षे कशात गेली? त्या पंपातला दांडा, ज्याला मिस्त्री प्लंजर म्हणतात, आणि त्याची नळी यांच्यामध्ये मोकळी जागा किती ठेवायची याचे उत्तर होते मिलिमीटरचे दोन-तीन हजारांश. तुमच्या डोक्याचा केस मिलिमीटरच्या साठ-सत्तर हजारांशाएवढा जाड असतो. म्हणजे केस उभा चिरून त्याचे वीस-पंचवीस पदर केले तर त्यातला एक पदर बसेल एवढीच ती फट. तिथे रबराचे वायसर नाही, पॅकिंग नाही. धातूवर धातू घासून जुळवलेला असतो आणि त्या फटीतल्या डिझेलचेच त्याला वंगण. नोझलची सुई आणि तिचे घर यांचेही तसेच. म्हणूनच एका नोझलची सुई दुसऱ्याच्या घरात घालू नये. ती जोडी जन्माची असते.

आता आपल्याकडे येऊ. मराठवाड्यात मोटेचा काळ अजून पुष्कळांच्या आठवणीत आहे. मोट सुटली आणि तिच्या जागी आले ऑईल इंजिन. भारतात डिझेल इंजिन करणाऱ्या पहिल्या कारखान्यांत साताऱ्याच्या कूपर यांचे नाव येते. लोखंडी नांगरापासून सुरुवात करून ते इंजिनाकडे वळले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, तेही नांगर आणि कडबा कापायचे यंत्र करीतच वाढले. त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांच्या काळात १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. खडकीच्या या कारखान्यातली इंजिने गावोगावच्या विहिरींवर पोचली. १९७२ च्या दुष्काळात पाणी खोल गेले आणि विजेचा खांब शिवारात आलेला नव्हता, तिथे भिस्त होती ती अशाच इंजिनांवर.

इंजिनाचे ओतकाम आपल्याकडे होई, पण पंप आणि नोझल परदेशातून आणावे लागत. ज्या देशाला इंजिन ओतता येते पण नोझल करता येत नाही, त्याच्या इंजिनाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असते. हे बदलले १९५१ नंतर. त्या साली बंगळूरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी निघाली, बॉश कंपनीच्या भागीदारीत. हीच आपल्या लोकांच्या तोंडची ‘मायको’. पुढे नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तिचा कारखाना आला आणि नोझल, इंजेक्टर हे त्या कारखान्याचे मुख्य काम ठरले. २००८ साली कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले, तरी दुकानात गेलेला माणूस अजून ‘मायको नोझल द्या’ असेच म्हणतो. आज ट्रकांना लागणारे नव्या पद्धतीचे इंजेक्टरही नाशिकलाच होतात.

ट्रकाची हकीकत थोडी निराळी आहे. १९५४ साली टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपुरात ट्रक बनू लागले. जुन्या माणसांना त्या ट्रकांच्या तोंडावरची तीन पाकळ्यांची चांदणी आठवत असेल. १९६९ साली करार संपला आणि चांदणी गेली. त्या सुरुवातीच्या इंजिनांत डिझेल एकदम पिस्टनवर पडत नसे. आधी एका लहान कोठीत पडे, तिथे पेट घेई आणि मग मोठ्या जागेत येई. अशा इंजिनाचे नोझल एका छिद्राचे, आणि दर चौरस सेंटीमीटरला सव्वाशे किलोच्या आसपास दाबाला उघडणारे. थोडी घाण आली तरी ते तग धरी. डिझेल मात्र जास्त लागे. नंतर सरळ पिस्टनवर फवारणारी इंजिने आली. जळण वाचले, पण नोझलला चार-पाच बारीक छिद्रे आली, एकेक मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याच्या मानाचे, आणि दाब गेला दोनशे किलोवर. जितके इंजिन काटकसरी, तितके नोझल नाजूक. हा सौदा तेव्हापासून चालू आहे.

पुण्यातच तिसरी एक पद्धत आली. १९६२ साली किर्लोस्कर आणि अमेरिकेची कमिन्स यांनी मिळून कोथरूडला मोठ्या इंजिनांचा कारखाना काढला. कमिन्सच्या इंजिनात पंप फक्त डिझेल पोचवी, मोजून दाबण्याचे सगळे काम खुद्द इंजेक्टर करी. याच कमिन्स कंपनीने १९३१ साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या शर्यतीत डिझेलची मोटार उतरवली होती. ८०० किलोमीटरची शर्यत तिने एकदाही न थांबता पुरी केली. इतर मोटारी तेल भरायला थांबत होत्या. १९५२ साली त्यांची दुसरी मोटार तर पहिल्या जागेवरून सुटली, पण टायरच्या रबराचा चुरा हवा ओढायच्या तोंडात अडकला आणि तिला शर्यत सोडावी लागली. इंजिन जातिवंत असले तरी हवा आणि तेल स्वच्छ नसेल तर काय होते, त्याचा हा दाखला. ट्रॅक्टरचा एअर क्लीनर चार-चार महिने न उघडणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

आता वाईट गोष्टीकडे वळायला हवे.

डिझेलच्या फटीत वंगण डिझेलचेच, हे वर सांगितले. रॉकेल पातळ. त्याला वंगणाचा गुण कमी. रेशनचे निळे रॉकेल स्वस्त होते तोवर ते डिझेलमध्ये मिसळण्याचा धंदा देशभर चालला. ज्या टँकरमध्ये ते मिसळले तो टँकरवाला पैसे करून मोकळा झाला. झीज झाली ती ट्रकवाल्याच्या प्लंजरची आणि शेतकऱ्याच्या नोझलची. इंजिन सुरू व्हायला जड जाते, ताकद पडते, डिझेल जास्त जाते, आणि मालकाला वाटते कंपनीच वाईट. या भेसळीच्या धंद्याची मजल कुठवर गेली होती, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी भेसळीचा प्रकार पकडला, तेव्हा त्यांना जिवंत जाळण्यात आले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. नोझलच्या कथेत एका अधिकाऱ्याचा जीव येतो, हे विसरता येण्यासारखे नाही.

रेशनच्या रॉकेलचे दिवस गेले. पण आपल्या घरची भेसळ अजून आहे, आणि तिला चोर लागत नाही. डिझेलचा ड्रम उघड्यावर उभा असतो, झाकणावर पावसाचे पाणी साचते आणि बुचातून आत झिरपते. जस्ताच्या बादलीत डिझेल साठवतात. जस्त आणि डिझेल यांचे जमत नाही, त्यातून चिकट घाण तयार होते. गाळायला धोतराची चिंधी घेतात, तिचे धागे आत जातात. बंधूंनो, ड्रम सावलीत आडवा, थोडा कलता ठेवा. डिझेल आणल्यावर निदान एक दिवस हलवू नका, आणि तळाचे चार बोटे डिझेल इंजिनात कधीच घालू नका. पाणी आणि गाळ तिथेच बसतो. टाकी सकाळी रिकामी ठेवण्यापेक्षा संध्याकाळी काम संपल्यावर भरा, म्हणजे रात्रीच्या गारव्याने आत दव धरत नाही.

दुसरी घाण म्हणजे नकली माल. नोझलच्या अंगावर अक्षरे आणि आकडे कोरलेले असतात. ते इंजिनाच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी जुळले पाहिजेत. ‘साहेब, सारखेच आहे, बसतंय की!’ असे दुकानदार म्हणाला तरी घेऊ नका. बसणे वेगळे आणि फवारणे वेगळे. छिद्राचा कोन थोडा बदलला की धुके पिस्टनच्या खळग्यात न पडता लायनरच्या भिंतीवर पडते. तिथले ऑईल धुऊन जाते, डिझेल खाली चेंबरमध्ये उतरते, ऑईल पातळ होते आणि बेअरिंग जाते. नोझल टपकत राहिले तर पिस्टनचे डोके वितळून भोक पडल्याचीही उदाहरणे आहेत. नोझलवर वाचवलेले थोडे पैसे असे इंजिन उतरवण्यात जातात. पक्की पावती मागा. पावती द्यायला जो कां-कूं करतो, त्याचा माल तिथेच ठेवा.

मिस्त्रीकडे नोझल तपासताना तुम्ही जवळ उभे राहा. हाताच्या टेस्टरवर दांडा मारला की चांगले नोझल किर्रकिर्र वाजते, सगळ्या छिद्रांतून सारखे धुके निघते आणि नंतर टोक कोरडे राहते. धार दिसली, एक बाजू मुकी राहिली किंवा टोकाला थेंब धरला, तर ते नोझल गेले. मात्र फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नका. दोनशे किलोचा दाब डिझेलला कातडीतून आत घुसवतो. वरून नुसता टाचणीएवढा डाग दिसतो आणि आतून मांस सडते, बोट कापायची पाळी येते. असे झाले तर हळद लावून घरी बसू नका, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल दाबाने आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

ट्रकवाल्यांत आणखी एक खोड जुनी आहे. पंपाचे सील तोडून ‘पंप वाढवून’ घ्यायचा. चढावर गाडी थोडी उठते हे खरे. पण हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, म्हणजे चुलीत फुंकर न घालता लाकडे कोंबण्यासारखे झाले. जळत नाही ते धूर होऊन जाते, आणि त्या धुराचे पैसे तुम्ही पंपावर मोजलेले असतात.

नव्या ट्रकांत तर ही खोड चालतच नाही. १९९० नंतरच्या दशकात ‘कॉमन रेल’ ही पद्धत आली. जपानच्या डेन्सो कंपनीने १९९५ साली ती ट्रकात आणली, बॉशने १९९७ साली मोटारीत. यात एका जाड नळीत डिझेल कायम दाबून ठेवलेले असते आणि प्रत्येक इंजेक्टर विजेच्या इशाऱ्यावर उघडतो, एकाच फेऱ्यात तीन-चार वेळाही. दाब सोळाशे ते दोन हजार किलो, काहींत त्याहूनही जास्त. ट्रकच्या टायरात सात-आठ किलो असतो, त्यावरून अंदाज करा. जुन्या मिस्त्रीची सवय असते, इंजिन चालू ठेवून एकेका नोझलची नळी ढिली करायची आणि कोणते मरते ते बघायचे. या इंजिनावर ते करू देऊ नका. जीवाला धोका आहे.

पूर्वी डिझेलमध्ये गंधक १ टक्क्यापर्यंत चाले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि ते दहा लाख भागांत १० भागांवर उतरले. गंधक काढताना डिझेलचा वंगणाचा गुणही कमी होतो, म्हणून रिफायनरीतच त्यात दुसरे द्रव्य घालतात. तेव्हा पदरचे काहीही मिसळायचे नाही, ना रॉकेल, ना जुने ऑईल. तसेच बीएस-६ ट्रकाला वेगळ्या टाकीत युरियाचे शुद्ध द्रावण लागते. ते खताच्या गोणीतून करायला जाऊ नका. आपला युरिया कडुनिंबाचे तेल लावलेला असतो, पिकाला तो चांगला, ट्रकच्या नळ्या मात्र चोंदतात.

ट्रॅक्टरमध्येही ५० अश्वशक्तीच्या वरच्या गाड्यांना २०२३ पासून नवे धुराचे नियम लागू झाले. त्यामुळे कॉमन रेल आता शेतात आली आहे, आणि नांगरटीच्या धुळीत तिचे फिल्टर वेळेवर बदलणे हे पेरणीइतकेच वेळेचे काम आहे. फिल्टर मूळ कंपनीचाच घ्यावा. बदलताना नव्या फिल्टरमध्ये वरून डिझेल ओतू नये. ते गाळलेले नसते. हातपंपाने भरून एअर काढावी.

इंजेक्टर बदलायची वेळ आली तर एक गोष्ट लक्षात ठेवा. पुष्कळ कॉमन रेल इंजेक्टरच्या डोक्यावर एक लांब आकडा असतो. कारखान्यात तपासल्यावर तो इंजेक्टर नेमके किती डिझेल सोडतो, ते त्या आकड्यात लिहिलेले असते. असा आकडा असेल तर तो गाडीच्या संगणकात भरावा लागतो. न भरता गाडी चालू होते, पण एक सिलिंडर जास्त पितो, दुसरा कमी, आणि इंजिन थरथरते. म्हणून नवे इंजेक्टर बसवून घेताना तो आकडा भरला का ते विचारा, पावतीवर लिहून घ्या, आणि काढलेले जुने इंजेक्टर मोजून आपल्या ताब्यात घेऊन या.